चौदा ओळींचे एकच वाक्य
रवींद्रनाथांच्या स्वातंत्र्य-प्रार्थनेची घडण : वृत्त, यमक आणि एक हरवलेला आघात

ऑगस्ट महिना उजाडला की शाळांच्या प्रांगणांतून, भाषणांतून आणि शुभेच्छापत्रांतून रवींद्रनाथ टागोरांची एक प्रार्थना हमखास भेटते. निर्भय मनाच्या, मोकळ्या ज्ञानाच्या आणि भिंती नसलेल्या जगाच्या स्वर्गात आपला देश जागा व्हावा, अशा आशयाची ती कविता आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीच्या तासाला वाचलेली असते. कवितेचे रसग्रहण करताना ठरलेले प्रश्न येतात: वृत्त कोणते, यमकाची रचना कशी, प्रकार कोणता? उत्तरेही ठरलेली असतात: वृत्त नाही, यमक नाही, रचना मुक्त आहे.

इंग्रजी पाठापुरती ही उत्तरे अगदी बरोबर आहेत. मात्र रवींद्रनाथांनी मूळ बंगालीत लिहिलेल्या कवितेबाबत ती तिन्ही चुकीची आहेत. मूळ कवितेला वृत्त आहे, तेही बंगालीतील सर्वांत जुन्या आणि रुळलेल्या वृत्तांपैकी एक. तिला यमक आहे, एक-दोन नव्हे तर सात. आणि तिचा आकारही काटेकोर आहे: बरोबर चौदा ओळी, प्रत्येक ओळीत चौदा अक्षरे. स्वातंत्र्यावरची भारतातील बहुधा सर्वाधिक उद्धृत होणारी ही कविता अशी नियमांच्या चौकटीत उभी आहे. ही चौकट समजून घेतली, की कवितेचा अर्थही थोडा बदलतो. आपण ज्या कवितेला सौम्य प्रार्थना समजत आलो, ती तितकीशी सौम्य नाही, हे ध्यानात येते.

दोन भाषा, दोन कविता

ही कविता रवींद्रनाथांच्या ‘नैवेद्य’ या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील. शंभर कवितांच्या या संग्रहात तिचा क्रमांक ७२ आहे. संग्रह त्यांनी आपले वडील देवेंद्रनाथ यांना अर्पण केला. कवीचे वय तेव्हा चाळीस वर्षांचे होते. बंगालची फाळणी व्हायला अजून चार वर्षे होती. स्वदेशीची चळवळ पेटायची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९०१ मध्ये, त्यांनी शांतिनिकेतनात आपली शाळा सुरू केली. म्हणजे ही कविता राजकीय आंदोलनाच्या धामधुमीत लिहिलेली नाही. माणसाचे मन घडवायचे कसे, हा प्रश्न ज्या काळात कवीला व्यापून होता, त्या काळातील ती आहे.

अकरा वर्षांनी, १९१२ मध्ये, लंडनच्या इंडिया सोसायटीने रवींद्रनाथांची इंग्रजी ‘गीतांजली’ प्रसिद्ध केली. डब्ल्यू. बी. येट्स यांची प्रस्तावना असलेल्या या पुस्तकाने १९१३ चे नोबेल पारितोषिक भारतात आणले. इंग्रजी ‘गीतांजली’ हा १९१० मधील बंगाली ‘गीतांजली’चा सरळ अनुवाद नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. १०३ रचनांच्या या पुस्तकात कवीने आपल्या वेगवेगळ्या संग्रहांतून निवडलेल्या कविता आहेत. ‘नैवेद्या’तील ही कविता तिथे ३५ वी म्हणून आली. अनुवाद स्वतः कवीचाच. मात्र तो गद्यात. वृत्त आणि यमक इंग्रजीत आणण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. त्या गद्याला एक संथ, मंत्रासारखी लय आहे आणि तिनेच जगभरच्या वाचकांना जिंकले. पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. बंगालीशेजारच्या भाषांचे वाचकही मूळ कवितेला वळसा घालून इंग्रजी गद्यालाच मूळ मानू लागले. मराठी वाचकही त्याला अपवाद नाही.

पयार : अक्षरे मोजणारे वृत्त

मराठी पद्यरचनेचे तीन मोठे प्रकार आपण व्याकरणात शिकतो. लघु-गुरूंचा क्रम ठरवून दिलेली अक्षरगणवृत्ते. मात्रांची बेरीज पाहणाऱ्या जाती, म्हणजेच मात्रावृत्ते. आणि केवळ अक्षरांची संख्या पाहणारे ओवी-अभंगासारखे छंद. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे मोजली जातात. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ याची फिकीर तिथे नसते. बंगालीतील ‘पयार’ हे वृत्त या तिसऱ्या कुळातले. म्हणून संस्कृत वृत्तांपेक्षा अभंगावर पोसलेल्या मराठी कानाला ते अधिक जवळचे वाटावे. हे नाते निव्वळ कल्पनेतले नाही. रवींद्रनाथांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ सनदी सेवेत मुंबई इलाख्यात होते आणि त्यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले होते.

पयाराचा नियम सोपा आहे. ओळीत चौदा अक्षरे. आठव्या अक्षरानंतर छोटा विराम. उरलेली सहा अक्षरे. आणि दर दोन ओळींना एक यमक. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे. मराठीत हे कसे वाजेल याची कल्पना यावी म्हणून एक अगदी साधे, कविता नसलेले वाक्य घेऊ: ‘रोज सकाळी उठून, चहा घेतो आम्ही.’ ‘रो-ज-स-का-ळी-उ-ठू-न’ ही आठ; ‘च-हा-घे-तो-आ-म्ही’ ही सहा. झाली पयाराची ओळ. मध्ये घेतलेला श्वास हाच तिचा विराम.

शतकानुशतके बंगालने आपली महाकाव्ये याच चालीवर ऐकली. कृत्तिवासांचे रामायण आणि काशीराम दासांचे महाभारत पयारात आहे. ग्रामीण बंगालमध्ये जिथे पोथी वाचली गेली, तिथे हा ठेका लोकांच्या अंगात भिनला. आपल्याकडे ओवीचे जे स्थान, ते तिथे पयाराचे. रवींद्रनाथांनी आपल्या प्रार्थनेसाठी एखादे दुर्मीळ, पांडित्यपूर्ण वृत्त निवडले नाही. घराघरांतील वृत्त निवडले, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

ओळ थांबते, वाक्य वाहते

मात्र जुन्या पयारात एक मर्यादा होती. ओळ संपली की अर्थ बहुधा थांबायचा आणि दोन ओळींचे यमक जुळले की वाक्य पूर्ण व्हायचे. कथा सांगायला हे सोयीचे. पण लांब, गुंतागुंतीचा विचार त्या लहान डब्यांत मावत नसे. मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८६१ मधील ‘मेघनादवध काव्या’त ही कोंडी फोडली. त्यांनी चौदा अक्षरे ठेवली, यमक टाकून दिले आणि वाक्याला ओळीच्या टोकावरून पुढच्या ओळीत उतरू दिले. बंगालीत याला ‘अमित्राक्षर छंद’ म्हणतात. कवितेच्या इतिहासातील ती एक क्रांतीच होती.

रवींद्रनाथांनी यातून मधली वाट काढली. मधुसूदनांचे वाहते वाक्य त्यांनी घेतले, पण टाकून दिलेले यमक पुन्हा जागेवर आणले. या रचनेला ‘प्रवहमान पयार’ म्हणतात. पुन्हा आपल्याच साध्या वाक्यांवर प्रयोग करून पाहू: ‘काल दुपारी पाऊस थांबला आणि मी’ ही पहिली ओळ, आणि ‘घराबाहेर पडलो, गर्दी होती कमी’ ही दुसरी. दोन्ही ओळींत आठ अधिक सहा अक्षरे आहेत. ‘मी’ आणि ‘कमी’ यांचे यमक जुळते. पण ‘मी’वर वाक्य संपत नाही; पुढच्या ओळीत जाऊन ‘पडलो’पाशी टेकते. कान यमकाची वाट पाहतो आणि मन वाक्याच्या शेवटाची. दोन्ही एका वेळी घडत नाही. हा ताण म्हणजेच प्रवहमान पयाराची गंमत.

‘नैवेद्या’तील कवितेत हे टोकाला नेलेले दिसते. चौदा ओळींत वाक्य एकच. पूर्णविराम फक्त शेवटी. पहिली ओळ तेवढी स्वतःत पूर्ण आहे. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर घराच्या भिंतींविषयीचे जे विधान सुरू होते, ते चौथ्या ओळीच्या शेवटी पुरे होते. पाचव्या ते आठव्या ओळीपर्यंतचा भाग तर एकाच दमात म्हणावा लागतो.

हा दम कशासाठी, याचे उत्तर त्या ओळींतील प्रतिमांत आहे. शब्द हृदयाच्या झऱ्यातून वर उसळतो. पुढे कर्माचा न अडणारा प्रवाह होतो. तो अनेक देशांत आणि अनेक दिशांना धावतो. त्यानंतरच्या दोन ओळींत क्षुद्र आचारांची वाळू येते आणि विचाराच्या पात्राला ती गिळू पाहते. झरा, प्रवाह, धारा, वाळवंट, पात्र अशी पाण्याची एक सलग कथा ओळींखालून वाहते आहे. पाणी ज्या ओळींत आहे, त्या ओळी टोकाला थांबत नाहीत. रचनेने अर्थाची नक्कल करावी, ती अशी.

याच ठिकाणी मराठी वाचकाला एक ओळखीचा नाद भेटतो. वाळूच्या ओळीत ‘आचार’ आहे आणि पाण्याच्या ओळीत ‘विचार’. आपल्या बोलण्यात ‘आचारविचार’ ही गळ्यात गळा घातलेली जोडी आहे. कवीने ती जोडी फोडली आणि दोघांना समोरासमोर उभे केले: एक वाळू, दुसरा पाणी. इंग्रजीत या दोन शब्दांसाठी वेगवेगळ्या नादांचे शब्द येतात, त्यामुळे ही चकमक तिथे ऐकू येत नाही. मराठीत मात्र ती जशीच्या तशी ऐकू येते.

सात यमके

कवितेत सात यमके आहेत, दर दोन ओळींना एक. ती नीट ऐकायची तर बंगाली उच्चाराच्या दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. बंगालीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद लिहिण्यात असतो, बोलण्यात जवळजवळ नसतो. ‘श’ आणि ‘स’ बहुधा सारखेच, ‘श’सारखे उच्चारले जातात. आणि शब्दाच्या शेवटचा ‘अ’ काही ठिकाणी ‘ओ’सारखा ऐकू येतो.

आता पहिले यमक पाहा. ते ‘शिर’ आणि ‘प्राचीर’ या शब्दांचे आहे. एक उंचावलेले मस्तक, दुसरी उंच भिंत. दोन्ही उभ्या गोष्टी, पण एकमेकींच्या विरोधी. मस्तक उंच असायचे तर भिंत उंच असता कामा नये, हा कवितेचा सगळा युक्तिवाद पहिल्या यमकातच सामावला आहे. यमक ही नुसती नादाची सजावट आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे चांगले उदाहरण ठरावे.

नवव्या आणि दहाव्या ओळीचे यमक ‘राशि’ आणि ‘ग्रासि’ हे आहे. देवनागरीत ते किंचित कच्चे दिसते. बंगाली तोंडी ते पक्के होते. शेवटचे यमक ‘पितः’ आणि ‘जागरित’ यांचे. मराठी डोळ्याला ते यमक वाटणारच नाही, पण बंगालीत दोन्हींचा शेवट ‘इतो’ असा होतो. ज्याला हाक मारली तो पिता आणि ज्यासाठी हाक मारली ती जाग, यांचा नाद अशा तऱ्हेने एक झाला. सातांपैकी एकच यमक खरोखर सैल आहे: अकराव्या आणि बाराव्या ओळीतील ‘जेथा’ आणि ‘नेता’. ‘थ’ आणि ‘त’ पूर्ण जुळत नाहीत. या अकराव्या ओळीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

‘जेथे’ची वाट पाहणारे ‘तेथे’

वृत्त आणि यमक ही कवितेची बाहेरची चौकट झाली. आतील चौकट व्याकरणाची आहे. बंगालीत ‘जेथा’ म्हणजे मराठीतील ‘जेथे’. मराठीप्रमाणेच बंगालीतही ‘जो’ आला की ‘तो’ यावा लागतो, ‘जेथे’ आला की ‘तेथे’ यावा लागतो. ‘जेथे’ एवढेच म्हणून वक्ता थांबला तर ऐकणारा ताटकळतो. रवींद्रनाथांनी या ताटकळण्याचेच स्थापत्य केले. कवितेत ‘जेथा’ आठ वेळा येतो, आणि त्याला उत्तर देणारा ‘तो स्वर्ग’ थेट चौदाव्या, म्हणजे शेवटच्या ओळीत.

हे आठ ‘जेथा’ कुठे येतात, तेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या दोन ओळींत चार. म्हणजे निम्मे तिथेच संपले. विधाने छोटी, ठाम, घोषणेसारखी: मन, मस्तक, ज्ञान. त्यानंतर अंतर वाढत जाते. पाचव्या ओळीत एक, सहाव्यात एक, नवव्यात एक. आठवा आणि शेवटचा ‘जेथा’ अकराव्या ओळीच्या अगदी टोकाला आहे. ओळ तिथे संपते, पण ‘जेथे’ काय, ते पुढच्या ओळीत गेल्याशिवाय कळत नाही. वाचणाऱ्याला कड्याच्या टोकावर क्षणभर उभे करावे, तसे हे झाले. पुढच्या ओळीत जो भेटतो, तो सर्व कर्मांचा, विचारांचा आणि आनंदाचा नेता, म्हणजे ईश्वर.

आणखी एक बाब. या आठ अटींपैकी सगळ्या होकारार्थी नाहीत. भिंतींनी जगाचे तुकडे केलेले नाहीत. आचारांच्या वाळूने विचाराचा मार्ग गिळलेला नाही. पौरुषाच्या चिंधड्या झालेल्या नाहीत, असे तीन नकार त्यात आहेत. नकाराने सांगितलेली गोष्ट म्हणजे सभोवती प्रत्यक्ष घडत असलेली गोष्ट. स्वर्गाचे वर्णन करता करता कवी आपल्या देशाचे निदान करीत आहे.

दोनदा मोडलेला विराम

आता पुन्हा अक्षरे मोजू. पयाराच्या नियमानुसार आठव्या अक्षरानंतर विराम यायला हवा आणि तिथे शब्द संपायला हवा. विरामाच्या जागी शब्द तुटला, तर त्याला मराठी छंदशास्त्रात ‘यतिभंग’ म्हणतात. या कवितेच्या चौदाही ओळी एकेक करून मोजल्या तर काय आढळते? बारा ओळींत आठवे अक्षर आले की शब्द नीट संपतो. वाक्य कितीही वाहिले, तरी मधल्या विरामाची जागा कवीने राखलेली आहे.

उरलेल्या दोन ओळींत मात्र विराम शब्दाच्या पोटात येतो. त्या ओळी अकरावी आणि तेरावी.

अकराव्या ओळीत आठव्या-नवव्या अक्षरांच्या सीमेवर जो शब्द सापडतो, तो आहे ‘शतधा’. पौरुषाचे शंभर तुकडे होणे, असा तिथला आशय आहे. विरामाची कात्री बरोबर याच शब्दावर चालते: ‘श’ एका बाजूला, ‘तधा’ दुसऱ्या बाजूला. शंभर तुकड्यांचा शब्द स्वतःच तुटला. याच ओळीचे यमक सैल आहे आणि हीच ओळ ‘जेथा’वर अधांतरी संपते, हेही आठवावे. कवितेतील सर्वांत अस्वस्थ ओळ ती हीच.

तेराव्या ओळीत सीमेवर सापडणारा शब्द आहे ‘आघात’. त्याचा ‘आ’ आठवे अक्षर. ‘घात’ नववे आणि दहावे. या ओळीत कवी ईश्वराला विनवतो, की आपल्या हाताने निर्दय आघात कर. आणि आघात हा शब्दच वृत्ताच्या सांध्यावर आदळतो. बारा ओळी शिस्तीत चाललेला ठेका या दोन ठिकाणी ठेचकाळतो: एकदा भंगलेल्या माणसाचे वर्णन करताना आणि एकदा त्याला जागे करणारा घाव मागताना.

प्रवहमान पयारात विराम अर्थानुसार सरकण्याची मुभा असते, त्यामुळे ही काही चूक म्हणता येणार नाही. कवीने हे ठरवून केले की मुरलेल्या कानाने आपोआप करवून घेतले, यावर वाद घालता येईल. पण बारा ओळी सरळ आणि नेमक्या या दोन वाकड्या, ही गोष्ट कोणीही बोटांवर मोजून पडताळू शकतो. वृत्ताचा अभ्यास म्हणजे निव्वळ अक्षरांचा हिशोब असे म्हणणाऱ्यांना हेच सांगता येईल: हिशोब केला नाही, तर कवितेत घाव कुठे बसला, ते कळत नाही.

इंग्रजीत काय उरले, काय गेले

इंग्रजी पाठाशी तुलना केली की फरक उघड होतो. तिथेही वाक्य एकच आहे आणि शेवटापर्यंत तोलून धरलेले आहे; हा सांगाडा कवीने जपला. आठाऐवजी सात ‘जेथे’ आहेत, आणि ते सातही नव्या ओळीच्या आरंभी एकाखाली एक मांडलेले आहेत. त्यामुळे एक स्तोत्रासारखा भारदस्तपणा आला. पण अंतर वाढत जाण्याची, कड्यावर उभे करण्याची खुबी गेली. पाण्याची सलग कथाही विस्कटली: प्रवाह आणि वाळू राहिली, हृदयाचा झरा गेला, त्याच्या जागी सत्याची खोली आली.

सर्वांत मोठा बदल शेवटच्या वाक्यांशात आहे. मूळ कवितेत भारताचे नाव आहे. इंग्रजीत ‘माझा देश’ आहे. त्यामुळे कविता जगातील कोणत्याही देशाची होऊ शकली, हा लाभच. मूळ कवितेत फक्त ‘तो स्वर्ग’ आहे. इंग्रजीत कवीने त्याला ‘स्वातंत्र्याचा स्वर्ग’ म्हटले. स्वातंत्र्याची कविता म्हणून आपण जिला ओळखतो, तिच्या मूळ पाठात ‘स्वाधीनता’ हा शब्द एकदाही नाही. ज्ञानासाठी वापरलेला ‘मुक्त’ एवढाच काय तो जवळचा शब्द.

आणि तो निर्दय आघात? तो इंग्रजीत नाही. मूळ कवितेत ईश्वराने घाव घालून भारताला ‘जागे करावे’ अशी विनवणी आहे. इंग्रजीत देशाला ‘जागे होऊ दे’ एवढीच इच्छा उरते. करवणारा हात नाहीसा झाला. ज्या शब्दासाठी वृत्ताने आपला नियम मोडला, नेमका तोच शब्द अनुवादात गळाला. अनुवाद कवीनेच केला असल्याने त्याला दोष देण्याचे कारण नाही. परक्या वाचकांसमोर आपल्या देशासाठी घाव मागणे त्यांना रुचले नसेल, असा तर्क फार तर करता येईल. पण आपण परके वाचक नाही. तो घाव आपल्यासाठी मागितलेला होता.

नियमातले स्वातंत्र्य

स्वातंत्र्यावरची कविता मुक्त असावी, बंधने झुगारणारी असावी, अशी आपली सहज समजूत असते. मराठीतही मुक्तछंदाच्या बाजूने असा युक्तिवाद झालेला आहे. रवींद्रनाथांनी स्वतः पुढच्या आयुष्यात गद्यकविता लिहिल्या. नियमाशिवाय लिहिणे त्यांना वर्ज्य नव्हते. तरीही या कवितेसाठी त्यांनी चौदा अक्षरांची, चौदा ओळींची, सात यमकांची चौकट पत्करली. चौदा ओळी म्हटले की आपल्याला सुनीत आठवते. केशवसुतांनी १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून ते मराठीत आणले. पण सुनीतात यमकांची अदलाबदल असते आणि मध्ये विचाराचे वळण असते. इथे यमके सरळ जोडीजोडीने येतात आणि वळण थेट शेवटच्या दोन ओळींत येते. बारा ओळी वर्णन, मग दोन ओळी मागणे.

या चौकटीत वाक्य मात्र पूर्ण स्वतंत्र आहे. ते ओळींच्या भिंती ओलांडते, यमकाशी थांबत नाही, आपल्याला हवे तिथे श्वास घेते. भिंती आहेत, पण त्यांनी वाक्याचे तुकडे केलेले नाहीत. कवितेत घराच्या भिंतींविषयी जी अपेक्षा व्यक्त झाली आहे, ती कवितेने स्वतःच्या रचनेत आधी पाळून दाखवली आहे. शिस्त आणि मोकळेपणा एकत्र नांदू शकतात, हे सांगण्यासाठी याहून चांगला पुरावा कोणता असणार?

मराठी वाचकाला ही मूळ कविता गाठणे अवघड नाही. पु. ल. देशपांडे यांनी वयाची पन्नाशी गाठताना बंगाली शिकून शांतिनिकेतनात मुक्काम केला आणि ‘वंगचित्रे’मधून त्या भाषेची गोडी मराठी घरांत पोचवली. तेवढे श्रम घेण्याची सगळ्यांना सवड नसेल. पण या कवितेतील शब्द बहुतांशी संस्कृत आहेत: चित्त, शिर, ज्ञान, मुक्त, प्राचीर, वसुधा, आचार, विचार, पौरुष, आघात. देवनागरीत लिहून समोर ठेवली, तर अर्ध्याहून अधिक कविता शब्दकोशाशिवाय उमगते. बोटांवर अक्षरे मोजत ती मोठ्याने वाचावी. आठव्या अक्षराशी किंचित थांबावे. अकराव्या आणि तेराव्या ओळीत थांबता येत नाही, हे जिभेला आपोआप जाणवेल.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला एखाद्या शिक्षकाने ही कविता इंग्रजीबरोबर मूळ बंगालीतूनही फळ्यावर लिहिली, तर मुलांना एक वेगळा प्रश्न विचारता येईल. यमक कोणते, वृत्त कोणते, हे तर विचारावेच. शिवाय विचारावे, की देश जागा व्हावा म्हणून कवीने घाव कोणावर मागितला आहे? परकीय सत्तेचा त्या चौदा ओळींत उल्लेखही नाही. भीती आपली, भिंती आपल्या, वाळू झालेले आचार आपले. घावही आपल्यावरच मागितला आहे.